हवेत थबकणारे दोघे : कवड्या खंड्या आणि भटका चतुर

ऑक्टोबर महिन्यातील एखाद्या सकाळी गावच्या तळ्यावर किंवा धरणाच्या फुगवट्याच्या काठावर जाऊन उभे राहा. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, गढूळ पाणी निवळू लागलेले असते. थोडा वेळ शांतपणे पाहत राहिलात तर दोन प्राणी तुमचे लक्ष हमखास वेधून घेतील.

त्यांतला एक पक्षी आहे, काळ्यापांढऱ्या रंगाचा. तो पाण्यावर काही मीटर उंचीवर येतो आणि मध्येच थांबतो. पंख जोराने फडफडत असतात, चोच खाली रोखलेली असते, पण पक्षी जागचा हलत नाही. काही क्षण गेले, की तो दगडासारखा पाण्यात कोसळतो. दुसरा प्राणी आहे एक पिवळसर चतुर. तोही पाण्यावर ये-जा करतो, मध्येच हवेत थबकतो, दिशा बदलतो आणि पुन्हा पुढे जातो.

हवेत एका जागी थांबणे ही काही साधी गोष्ट नाही. कावळ्याला ते जमत नाही, बगळ्याला जमत नाही, प्रवासी विमानाला तर मुळीच जमत नाही. मग या दोघांनाच ते कसे जमते? आणि दोघे वरवर पाहता एकच काम करीत असले, तरी दोघांना पडणारे कष्ट सारखेच असतात का? शाळेत शिकलेले थोडेसे पदार्थविज्ञान हाताशी घेतले तर या प्रश्नांची उत्तरे आपल्याला वहीच्या एका पानावर काढता येतात. चला, प्रयत्न करू या.

दोघांची ओळख

आपला पक्षी म्हणजे कवड्या खंड्या. याला कवड्या धीवर असेही म्हणतात. शास्त्रीय नाव सेरिल रुडिस. तारेवर बसलेला निळ्या पंखांचा, तपकिरी डोक्याचा खंड्या तुम्ही पाहिला असेल. हा त्याचाच भाऊबंद, पण याच्या अंगावर निळ्या रंगाचा मागमूसही नसतो. डोक्यावर लहानसा तुरा, लांब काळी चोच आणि सर्वांगावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. छातीवरचे काळे पट्टे मोजले तर नर-मादीही ओळखता येतात. नराच्या छातीवर दोन पट्टे असतात, मादीच्या छातीवर एकच आणि तोही मध्ये तुटलेला. याचे वजन सुमारे ८० ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहानशा कांद्याएवढे. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ४६ सेंटिमीटर भरते.

आपला चतुर म्हणजे पँटाला फ्लाव्हेसेन्स. फाब्रिशियस या शास्त्रज्ञाने १७९८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या भटकेपणामुळे आपण त्याला भटका चतुर म्हणू. पावसाळ्याच्या अखेरीस शेतांवर, मैदानांवर, शाळेच्या पटांगणावरही पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालताना दिसतात, ते बहुधा याचेच. दिवसा तो क्वचितच बसतो, आणि बसलाच तर काडीला खाली लोंबकळून राहतो. त्याची लांबी सुमारे साडेचार सेंटिमीटर आणि पंखांचा पसारा सुमारे ८ सेंटिमीटर. वजन मात्र अवघे ०.३ ग्रॅमच्या आसपास. वहीच्या कागदाचा ५ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब तुकडा कापून तळहातावर ठेवा. चतुराचे वजन साधारण तेवढेच!

म्हणजे पंखांचा पसारा पाहिला तर पक्षी चतुराच्या जवळजवळ सहापट आहे, पण वजन पाहिले तर तो सुमारे २६७ पट आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट त्यांवरच उभी आहे.

थांबण्यासाठी काय करावे लागते?

टेबलावर ठेवलेले पुस्तक खाली पडत नाही, कारण टेबल त्याला वर ढकलत असते. हवेत थांबलेल्या पक्ष्याच्या पायाखाली टेबल नाही. त्याला स्वतःचा आधार स्वतःच तयार करावा लागतो. न्यूटनचा तिसरा नियम आठवा. पंखांनी हवा खाली ढकलली, की हवा पंखांना वर ढकलते. हे वरचे बल वजनाएवढे झाले, की पक्षी तरंगतो. हेलिकॉप्टरही हेच करते.

पण हवा ही टेबलासारखी घट्ट नाही. ढकलली की ती निसटून जाते. म्हणून दर क्षणाला नवी हवा पकडायची आणि खाली फेकायची, असे सतत करावे लागते. खाली फेकलेल्या या हवेबरोबर ऊर्जाही निघून जाते. त्यामुळे हवेत नुसते थांबण्यासाठीसुद्धा स्नायूंना सारखे काम करावे लागते.

आता प्रश्न असा, की हवा किती वेगाने खाली फेकावी लागेल? फडफडणाऱ्या पंखांऐवजी आपण पंख्यासारखी एक गोल चकती कल्पू. तिचा व्यास पंखांच्या पसाऱ्याएवढा. या चकतीतून हवा ‘व’ या वेगाने खाली जाते असे समजा. एका सेकंदात चकतीतून जाणाऱ्या हवेचे वस्तुमान म्हणजे हवेची घनता × चकतीचे क्षेत्रफळ × व. ही हवा चकतीच्या खाली गेल्यावर आणखी वेग घेते आणि तिचा अखेरचा वेग ‘व’च्या दुप्पट होतो. हा निष्कर्ष तुम्ही सध्या गृहीत धरा, कॉलेजात गेल्यावर त्याची सिद्धता शिकाल. दर सेकंदाला संवेगात होणारा बदल म्हणजेच बल. तेव्हा,

वजन = २ × घनता × क्षेत्रफळ × व × व

आणि लागणारी शक्ती = वजन × व.

एवढे एक सूत्र आपल्याला पुरेसे आहे.

वहीच्या पानावरचा हिशेब

प्रथम पक्ष्याचे गणित करू. वस्तुमान ०.०८ किलोग्रॅम, म्हणून वजन ०.७८४ न्यूटन. ४६ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ ०.१६६ चौरस मीटर. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरू. सूत्रात आकडे घातले की ‘व’चा वर्ग १.९७ येतो, म्हणजे ‘व’ झाला सेकंदाला सुमारे १.४ मीटर. लागणारी शक्ती ०.७८४ × १.४ = सुमारे १.१ वॅट.

आता चतुर. वजन ०.००२९४ न्यूटन, चकतीचे क्षेत्रफळ ०.००५ चौरस मीटर. ‘व’चा वर्ग येतो ०.२४५, म्हणजे ‘व’ सेकंदाला सुमारे ०.५ मीटर. शक्ती सुमारे ०.००१५ वॅट.

पक्ष्याचे वजन चतुराच्या २६७ पट, पण त्याला लागणारी शक्ती मात्र सुमारे ७५० पट! म्हणजे शरीराच्या दर ग्रॅममागे पक्ष्याला चतुराच्या जवळजवळ तिप्पट राबावे लागते.

हे कष्ट किती, याची कल्पना यावी म्हणून एक युक्ती सांगतो. वजन गुणिले वेग म्हणजे शक्ती, हे सूत्र जिना चढण्यालाही लागू पडते. तेव्हा हवेत थांबलेला कवड्या खंड्या जे कष्ट करतो ते सेकंदाला १.४ मीटर या वेगाने सरळ वर चढण्याएवढे आहेत. तीन मीटर उंचीचा एक मजला दोन सेकंदांच्या आसपास चढून जायचा, आणि थांबायचे नाही! ५० किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्याला यासाठी सुमारे ६९० वॅट, म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्ती लागेल. चतुराच्या वाट्याला आलेला जिना बराच सोपा आहे. तोच मजला त्याने सहा सेकंदांत चढला तरी चालते.

हा हिशेब अर्थातच कमीत कमी खर्चाचा आहे. खरे पंख काही आदर्श चकती नव्हेत, त्यांना घर्षण सोसावे लागते, पंख पुढेमागे हलवण्यातही ऊर्जा जाते. तेव्हा प्रत्यक्ष खर्च दोघांचाही यापेक्षा जास्त असतो. पण मोठ्याला दर ग्रॅममागे जास्त राबावे लागते, हा मुख्य मुद्दा त्याने बदलत नाही.

आकाराचा नियम

असे का व्हावे? कारण भूमितीत दडलेले आहे. समजा, एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी, उंची सारे काही दुप्पट केले. त्याचे आकारमान, आणि म्हणून वजन, आठपट होईल. पण पंखांनी व्यापलेले क्षेत्रफळ फक्त चौपट होईल. म्हणजे पंखांच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार आला. हा भार पेलण्यासाठी हवा १.४ पट वेगाने फेकावी लागते आणि एकूण शक्ती सुमारे ११ पट लागते. स्नायू मात्र आठपटच वाढलेले असतात. दर वेळी आकार वाढला की ही तूट वाढतच जाते.

म्हणूनच स्थिर हवेत फडफडत थांबणारे पक्षी बहुधा लहान असतात. अमेरिकेतील गुंजनपक्षी तर काही ग्रॅम वजनाचे. कवड्या खंड्या मात्र या मर्यादेच्या अगदी काठावर उभा आहे. वारा नसतानाही असे थांबू शकणाऱ्या पक्ष्यांत तो सर्वांत मोठ्यांपैकी एक गणला जातो. बगळा किंवा करकोचा कितीही बलवान असला, तरी त्याच्यासाठी या जिन्याच्या पायऱ्या फारच उंच होतात.

काठावर उभा असलेला हा पक्षी मग वाऱ्याची मदत घेतो. तुम्ही निरीक्षण केलेत तर दिसेल, की वारा असेल तेव्हा तो नेहमी वाऱ्याकडे तोंड करून थांबतो. जमिनीवरून पाहता तो स्थिर आहे, पण हवेच्या दृष्टीने पाहता तो वाऱ्याच्या वेगाने पुढे उडत आहे. त्याच्या पंखांपाशी दर सेकंदाला भरपूर नवी हवा येते. जास्त हवा हाती आली, की प्रत्येक भागाला थोडासाच धक्का पुरतो आणि खर्च कमी होतो. आपण नदीतून पोहताना प्रवाहाच्या वेगाएवढ्याच वेगाने उलट पोहलो तर काठावरच्या माणसाला आपण एका जागी दिसू, तसेच हे.

दोन यंत्रे, दोन घडणी

दोघांच्या शरीराची रचनाही वेगळी आहे. पक्ष्याला दोन पंख. छातीचे मोठे स्नायू खांद्याच्या हाडांना ओढतात आणि दोन्ही पंख एकदम हलतात. थबकलेल्या खंड्याच्या डोक्याकडे पाहा. शरीर हेलकावते, शेपूट उघडझाप करते, पण डोके मात्र खिळ्याने ठोकल्यासारखे स्थिर असते. छायाचित्र घेताना कॅमेरा हलला तर चित्र पुसट येते. पाण्यातला बोटाएवढा मासा टिपायचा तर डोळा हलून कसे चालेल?

चतुराला चार पंख. माशी आणि मधमाशी यांचे उडण्याचे मुख्य स्नायू छातीचे कवच दाबतात आणि त्यामुळे पंख हलतात. चतुराचे स्नायू मात्र थेट पंखांच्या मुळाशी जोडलेले असतात. त्यामुळे पुढची जोडी आणि मागची जोडी तो वेगवेगळी हलवू शकतो. हवेत थांबताना पुढचे पंख खाली जात असतील तेव्हा मागचे वर येतात आणि धक्के एकसारखे बसतात. वेगात उसळी घ्यायची असेल तेव्हा दोन्ही जोड्या जवळजवळ एकदम हाणतो. चतुरांचे पंख सेकंदाला साधारणपणे तीस-चाळीस वेळा हलतात.

चतुराचा पंख डोळ्यांजवळ धरून पाहिलात (मेलेला चतुर सापडला तर, एरवी नको) तर टोकाजवळ पुढच्या कडेला एक लहानसा जाड, रंगीत ठिपका दिसेल. हा काही शोभेसाठी नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञ नॉर्बर्ग यांनी १९७२ साली त्याचा उलगडा केला. वेगाने तरंगत जाताना पातळ पंख थरथरू लागण्याचा धोका असतो. टोकाजवळ पुढच्या कडेला ठेवलेले हे चिमुकले वजन ती थरथर रोखते आणि चतुराला अधिक वेगाने तरंगणे शक्य होते. योग्य जागी ठेवलेले थोडेसे वजन किती काम करते पाहा!

भटक्या चतुराचे मागचे पंख मुळाशी विशेष रुंद असतात. हे पंख पसरून तो तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर, न फडफडता, बराच वेळ तरंगू शकतो. त्याच्या प्रवासाचे रहस्य इथेच आहे. पण त्याकडे वळण्यापूर्वी दोघे पाण्याकडे कसे पाहतात ते पाहू.

पाणी पाहण्याच्या दोन तऱ्हा

खंड्याला पाण्याच्या आत पाहायचे आहे. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वळतो, यालाच आपण वक्रीभवन म्हणतो. त्यामुळे पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा वर दिसते. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३. सरळ वरून पाहिले तर ६० सेंटिमीटर खोलीवरचा मासा ४५ सेंटिमीटर खोलीवर दिसतो. काठावरून तिरके पाहिले तर तो याहूनही वर दिसतो आणि नेम धरणे अवघड होते.

आता हवेत थबकण्याचा फायदा लक्षात येईल. खंड्या माशाच्या जवळजवळ डोक्यावर येऊन थांबतो. सरळ खाली पाहताना मासा बाजूला सरकलेला दिसत नाही, फक्त उथळ दिसतो. खाली सूर मारणाऱ्याला ती चूक फारशी नडत नाही. त्याची दिशा बरोबर असली की पुरे. ५ मीटर उंचीवरून तो नुसता पडला तरी सुमारे एका सेकंदात पाण्याला भिडतो आणि तेव्हा वेग असतो ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. शिवाय लहान मासा तो उडता उडता गिळू शकतो, प्रत्येक वेळी फांदीवर परतावे लागत नाही. त्यामुळे काठावर एकही झाड नसलेल्या विस्तीर्ण जलाशयाच्या मध्यावरही त्याला शिकार करता येते. हवेत थबकण्यासाठी त्याने मोजलेली जबर किंमत अशी वसूल होते.

चतुराला पाण्याच्या आत पाहण्याची गरज नाही. त्याला हवे आहे ते खुद्द पाणीच, अंडी घालण्यासाठी. उंचावरून जाताना पाणी कोठे आहे हे त्याला कसे कळते? पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बऱ्याच अंशी ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः आडव्या दिशेने होतात. लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून आलेल्या प्रकाशात तर हा परिणाम सर्वाधिक असतो. आपल्या नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, चतुरांच्या डोळ्यांना कळतो. पण याच गुणामुळे ते फसतातही. काळी चकचकीत मोटारगाडी, सांडलेल्या तेलाचे डबके, गुळगुळीत काळा दगड यांवरून येणारा प्रकाशही तसाच असतो. अशा ठिकाणांकडे चतुर ओढले जातात, अंडी घालण्याचा प्रयत्नही करतात, आणि ती अंडी अर्थातच वाया जातात.

टिकणारे पाणी आणि आटणारे पाणी

इथवर आपण दोघांना हवेत पाहिले. पण त्यांच्यातला सर्वांत मोठा फरक पाण्याच्या आयुष्याशी निगडित आहे.

कवड्या खंड्याला वर्षभर टिकणारे पाणी लागते. तो काठावरच्या मातीच्या उभ्या दरडीत मीटरभर किंवा त्याहून लांब बीळ खणतो आणि त्याच्या टोकाला मोजकी अंडी घालतो. पिल्लांना आईबाप मासे आणून भरवतात. कधी कधी या कामात इतर खंड्येही मदत करतात. केनियातील व्हिक्टोरिया आणि नैवाशा या दोन सरोवरांवर राय्यर या शास्त्रज्ञाने या पक्ष्यांचा अभ्यास करून १९८० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जिथे पिल्लांसाठी मासे मिळवण्याचे कष्ट अधिक होते, त्या व्हिक्टोरिया सरोवरावर जोडपी नात्यात नसलेल्या नरांनाही मदतनीस म्हणून स्वीकारीत. आपला जिन्याचा हिशेब आठवला, तर ही मदत किती मोलाची असेल हे सांगायला नको.

भटक्या चतुराचा खाक्या अगदी उलट आहे. तो पावसाने साचलेली, उथळ, लवकरच आटणारी डबकी पसंत करतो. तेथे त्याच्या अळ्यांना खाणारे मासे बहुधा नसतात आणि कोवळ्या उन्हाने पाणी भराभर तापते. मादी शेकडो अंडी घालते आणि निघून जाते. अळी पाण्यात डासांच्या अळ्या आणि इतर लहान जीव खाऊन झपाट्याने वाढते. संकट आले तर शरीराच्या मागच्या टोकातून पाण्याची पिचकारी मारून पुढे उसळते, म्हणजे इथेही न्यूटनचा तिसरा नियम! साधारण सहा ते नऊ आठवड्यांत तिचा चतुर होऊन तो उडून जातो. तोवर डबके टिकले की झाले.

पण डबके आटल्यावर पुढे काय? पुढे प्रवास. मालदीव बेटांवर राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दर वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथे अचानक चतुर अवतरताना दिसत. या प्रवाळबेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच, मग हे आले कोठून? अनेक वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी २००९ साली असे अनुमान मांडले, की हे चतुर भारतातून येतात आणि पुढे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात. मोसमी पाऊस परतू लागला, की सुमारे हजार मीटर उंचीच्या वर ईशान्येकडून वारे वाहू लागतात. त्या वाऱ्यांवर हे चतुर स्वार होतात. पुढील पावसाळ्याच्या वाऱ्यांबरोबर त्यांची पुढची पिढी परत येते. चार पिढ्यांत मिळून हा फेरा १४,००० ते १८,००० किलोमीटरांचा होत असावा.

२०१२ साली या अनुमानाला भक्कम आधार मिळाला. पावसाच्या पाण्यातील जड हायड्रोजनचे प्रमाण प्रदेशानुसार बदलते. अळी ज्या पाण्यात वाढली त्याची खूण चतुराच्या पंखांत कायम राहते. मालदीवमध्ये मिळालेल्या चतुरांचे पंख तपासले तेव्हा ते तेथले नसून उत्तर भारत आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातून आलेले असावेत असे दिसून आले.

०.३ ग्रॅमच्या प्राण्याला हे कसे परवडते? पुन्हा हिशेब करू. समजा, पाठीमागून सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा आहे. ५०० किलोमीटर अंतर १४ तासांत पार पडते. मालदीवपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंतचे सुमारे ३,००० किलोमीटर साडेतीन दिवसांत. या काळात चतुराला पुढे जाण्यासाठी नव्हे, तर मुख्यतः वर राहण्यासाठी ऊर्जा हवी, आणि वर राहणे लहान प्राण्याला स्वस्त पडते हे आपण पाहिलेच आहे. रुंद पंखांवर तरंगता आले तर ते आणखी स्वस्त होते. खंड्या मात्र आपल्या पाण्याजवळच राहतो. त्याची श्रीमंती जलाशयाच्या टिकाऊपणात आहे, चतुराची वाऱ्यात.

दोघांना लागणारे पाणी

आता आपल्याला दोघांच्या गरजा नेमक्या सांगता येतील. खंड्याला निवळ पाणी हवे. पाणी गढूळ झाले, जलपर्णीने झाकले गेले, तर मासे असूनही त्याला दिसणार नाहीत आणि हवेत थबकण्याचे सारे कष्ट फुकट जातील. त्याला मातीची उभी दरड हवी. नदीकाठ दगड-सिमेंटने बांधून काढला, की मासे राहतात पण घर जाते. चतुराला पावसाळ्यात दोन महिने टिकणारी, विषारी फवारे न पडलेली डबकी हवीत.

१९७१ साली इराणमधील रामसर या गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी, तसेच गोव्यातील नंदा तळे या जागा आज त्या यादीत आहेत. मोठ्या पाणवठ्यांचे महत्त्व असे हळूहळू मान्य होत आहे. पण भटक्या चतुराचा जन्म ज्या डबक्यात होतो ते कोणत्याच यादीत नसते. ते माळावर असते, शेताच्या कडेला असते, बुजवले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. डबके म्हणजे डासांचे घर, असे आपण म्हणतो. ज्या डबक्यात चतुराच्या अळ्या आहेत तेथे डासांच्या अळ्या खाणाराही हजर असतो, हे आपण विसरतो. आणि त्या डबक्यातून निघालेला चतुर उद्या कदाचित समुद्र ओलांडणार असतो.

तुम्ही स्वतः करून पाहा

या दोघांचा अभ्यास करायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढील गोष्टी करून पाहा. पाण्याजवळ जाताना एकटे जाऊ नका आणि निसरड्या काठापासून दूर राहा.

१. खंड्या एका वेळी किती सेकंद थबकतो ते घड्याळावर मोजा. वारा असताना आणि नसताना अशा निदान वीस-वीस नोंदी घ्या आणि सरासरी काढा. वाऱ्यात तो अधिक वेळ थांबतो का?

२. त्याने किती वेळा सूर मारला आणि किती वेळा चोचीत मासा होता, याची टक्केवारी काढा. पाणी गढूळ असताना आणि निवळ असताना ती बदलते का ते पाहा.

३. बादलीत पाणी भरून तळाशी नाणे ठेवा. सरळ वरून आणि मग बाजूने तिरके पाहत लांब काडीने नाण्याला नेमका स्पर्श करण्याचा प्रयत्न करा. कोणत्या वेळी नेम अधिक चुकतो?

४. ध्रुवीकारक काचेचा चष्मा मिळाला तर पाण्यावरची चमक त्यातून पाहा आणि चष्मा हळूहळू ९० अंशांतून फिरवा. चमक कमीजास्त होताना दिसेल. चतुराला जे दिसते त्याची ही थोडीशी ओळख.

५. भटक्या चतुरांचा पहिला मोठा थवा कोणत्या तारखेला दिसला आणि वारा कोणत्या दिशेने होता, हे दर वर्षी वहीत लिहून ठेवा. शिक्षकांनी शाळेतच अशी एक वही ठेवली तर काही वर्षांत तिला मोठे मोल येईल. मालदीवचे कोडेही अशा साध्या, तारीखवार नोंदींतूनच सुटू लागले.

आणि चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवण्याचा खेळ अजूनही कोठे चालत असेल, तर एवढा हिशेब त्या मित्राला दाखवा. मीटरभर शिवणदोऱ्याचे वजन चतुराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश भरते. म्हणजे ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाच्या पाठीवर ५ किलोग्रॅमचे ओझे, आणि ते घेऊन त्याने जिना चढत राहायचे. त्याला समुद्र ओलांडायचा आहे, हेही सांगायला विसरू नका.